आधी किनारा बघून येतो

तीस वर्षं मी वास घेण्याची नोकरी केली. दूध शीतकरण केंद्रावर रोज पहाटे गावोगावची कॅनं यायची. मी झाकण उघडायचो, आतली पहिली वाफ नाकात घ्यायचो आणि काय ते ठरवायचो. कधी आंबूस वास, कधी चुलीच्या धुराचा, कधी न विसळलेल्या किटलीचा. नाकाला खटकलं की माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा, परत. मग ते कॅन घेऊन आलेला माणूस माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून जायचा. चांगल्या दुधाला मी कधी काही म्हटल्याचं आठवत नाही. ते आपोआप पुढं जायचं.

निवृत्त झालो, पण नाक काही निवृत्त झालं नाही. हॉटेलात गेलो की आधी ग्लास हुंगतो. पाहुण्यांकडं चहाचा कप हातात आला की कपाचा कान पकडून आत बघतो. बायको म्हणते, तुमच्यासंगं कुठं जेवायला जायचं म्हणजे तपासणी पथकासंगं गेल्यासारखं वाटतं. तिचं खरं आहे. मला घाण दिसते. दुसऱ्यांना दिसायच्या आधी दिसते आणि दिसली की किळस येते. त्याला मी काय करू?

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांचं घर राधानगरीच्या पुढं, कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या रस्त्याला लागून आहे. थोडं भात, थोडा ऊस आणि गोठ्यात दोन म्हशी. या दोन्ही म्हशी वहिनी सोडून कुणालाही दूध काढू देत नाहीत. भाऊ खाली बसला की एक लाथ झाडते, दुसरी पान्हा चोरते. यांच्या आधीच्या म्हशीही तशाच होत्या, सगळ्यांना वहिनीनंच लाडावून ठेवलेलं. त्यामुळं लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षांत ती एक रात्रही गावाबाहेर राहिलेली नाही. लेकीच्या लग्नात सुद्धा तिनं सकाळची धार काढली, हात धुतले आणि मग मांडवात आली.

आणि घर कुठं, तर त्या रस्त्यावर. दिवाळी, नाताळ, उन्हाळा, कुठलीही सुट्टी लागली की कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूरच्या गाड्या तिच्या दारावरून समुद्राला जातात. कुणी पाण्याची बाटली भरून घ्यायला थांबतं, कुणी पोराला दूध मिळेल का विचारतं. दोन दिवसांनी तीच माणसं उन्हानं काळवंडून, पायाला वाळू घेऊन परत येतात आणि पुन्हा पाणी मागतात. वहिनीनं चाळीस वर्षं त्यांना पाणी दिलं. समुद्र तिनं बघितलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी दसरा झाला आणि तिचा फोन आला. एरवी फोन भाऊ करतो. तिनं स्वतः केला म्हटल्यावर मी घाबरलो. पण आवाज हसरा होता.

"भावजी, दोघीबी एकदम आटल्यात. एवड्या वर्सांत पयल्यांदा. मार्गशीर्षात व्याच्या हायत्या. तवर मी मोकळी. समुद्र दावून आणा की मला."

दोन्ही म्हशी गाभण आणि दोन्हीचं दूध एकाच वेळी बंद, म्हणजे धार काढायचं कामच नाही. वैरणपाणी भाऊ बघू शकत होता. असा योग म्हणजे वहिनीच्या आयुष्यातली पहिली सुट्टी होती, दीड-दोन महिन्यांची.

मी कोल्हापूरला कॉलेजात होतो तेव्हा या बाईनं चार वर्षं रोज सकाळच्या एसटीनं मला डबा पाठवला. कंडक्टरच्या हातात द्यायचा, मी स्टँडवर जाऊन घ्यायचा. नवी नवरी होती तेव्हा ती. चार वर्षांत एकदाही डबा चुकला नाही आणि त्या डब्याला कधी वास आला नाही, हे मी सांगतोय म्हणजे बघा. त्या बदल्यात तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. माझ्याकडं गाडी होती, वेळ होता. मी ठरवलं की वहिनीला समुद्र दाखवायचा तर असा दाखवायचा की बघतच राहिली पाहिजे. मी म्हणालो, वहिनी, आधी मी किनारा बघून येतो.

ती म्हणाली कुठलाबी चालतोय की. मी ते मनावर घेतलं नाही. वहिनी जेवताना सुद्धा काहीबी चालतंय असंच म्हणते आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेते.

रोज सकाळी कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर आम्ही पाच-सहा निवृत्त लोक बसतो. तिथं विषय काढला तर प्रत्येकानं एकेक किनारा पुढं केला. एकाचा किनारा का चांगला, तर तिथं एका घरात आपल्यासारखं मटण करून देतात. दुसऱ्याचा का चांगला, तर तिथं गाडी थेट वाळूत नेता येते. तिसऱ्यानं गोव्याचं नाव घेतलं आणि डोळा मारला. मी विचारलं, पाणी कसं आहे? सगळे माझ्याकडं बघायला लागले. खारट आहे की, म्हणाला एकजण.

या किनाऱ्यांची नावं मी सांगणार नाही. तिथली माणसं त्यावर पोट भरतात. आणि तिथली निम्मी घाण आपण इकडून नेऊन टाकलेली असते हे मला माहीत आहे.

दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी आणि बायको निघालो. वाटेत वहिनीकडं चहा झाला. तिनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिली.

पहिला किनारा सगळ्यांच्या तोंडी असलेला. गाडी लावली तिथंच शहाळ्यांचा ढीग होता, त्यावर माश्यांचा थर. पुढं वाळूत कणसांची बुरकुंडं, कुरकुऱ्यांची पाकिटं, फुटक्या बाटल्या. एक घोडा पोरांना पाठीवर घेऊन जाता जाता लीद टाकत होता आणि मागून येणारे लोक ती उडी मारून ओलांडत होते. लीद मी समजू शकतो, जनावर आहे. पण पाण्याच्या कडेला फेसात एका बाळाचं डायपर होतं. फुगून उशीएवढं झालेलं. लाटेबरोबर यायचं, लाटेबरोबर जायचं. त्याच्यापासून दोन हातांवर एक बाप आपल्या पोरीला पाण्यात बसवून तिचे फोटो काढत होता. मी त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, जाईल ओ ते आत. बायको अर्धा तास पाण्याच्या कडेनं फिरून आली आणि मी तोवर गाडीत काचा लावून बसलो. परत.

परतताना वहिनीनं विचारलं, ठरलं का? मी म्हणालो, चांगला बघतोय वहिनी, जरा थांबा.

पुढच्या रविवारी तिच्या दारात गाडी थांबवली तर ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून, केसाला तेल लावून उभी होती. मला वाटलं देवळाला निघाली आहे. चहा घेऊन आम्ही उठलो तेव्हा ती गाडीपर्यंत आली आणि बायकोकडं बघितलं. बायको मला म्हणाली, आज घेऊन जाऊया की त्यांना. मी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की ती आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणार, तिला ते डायपर दाखवायचं का? बायको गाडीत जाऊन बसली. मी वहिनीला म्हणालो, अजून ठरलं नाही. ती बरं म्हणाली आणि मागं फिरली.

त्या दिवशीचा किनारा पांढऱ्या वाळूचा. माणसं तिथं कमी असतील असं ऐकलं होतं. पोचलो तर सुरूच्या झाडांखाली तीन दगडांवर पातेलं चढलेलं आणि आजूबाजूला बारा-पंधरा माणसं. गाडीचा नंबर बघायची गरजच नव्हती. समुद्राला येऊन मटण शिजवणारी जात जगात एकच आहे. मासे खाऊन पोट भरत नाही म्हणून आम्ही लोक घाट उतरताना मटण, मसाला, तवा, परात आणि कांद्याचं पोतं घेऊन उतरतो. त्यांनीही मला बोलण्यावरनं लगेच ओळखलं. पावणं, या जेवाय, म्हणून हाताला धरून बसवलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं. मी जेवलो. रस्सा फक्कड होता आणि त्याचीच मला अजून चीड येते.

कारण जेवण झाल्यावर त्यांनी हाडं तिथंच वाळूत टाकली. पत्रावळ्या सुरूच्या बुंध्याशी लोटल्या. मग दोघांनी ते पातेलं उचललं आणि थेट पाण्यात नेलं. वाळूनं खसाखसा घासलं. रश्श्याचा तेलकट तांबडा तवंग पाण्यावर पसरला. एक लाट आली आणि तो तवंग पलीकडं खेळणाऱ्या बायकापोरांच्या पोटऱ्यांना लागला. घासणारा हसत होता. म्हणाला, समुद्राला बी चव कळू दे की कोल्हापूरची. सगळे हसले. मला भयंकर किळस आली. बोलणार तरी काय, माझ्याही बोटांना त्याच रश्श्याचा वास येत होता. साबणानं तीनदा हात धुतले तरी घाट चढेपर्यंत तो वास गेला नाही. परत.

तिसरा किनारा लहान होता, कोळ्यांच्या वस्तीचा. तिथं पर्यटक नव्हतेच. पण वाळूवर मासळी सुकत घातलेली, जाळ्यांचे ढीग, आणि हवा अशी की गाडीचं दार उघडताच मी पुन्हा लावून घेतलं. बायको पहिल्यांदा चिडली. म्हणाली, आपल्या गोठ्याचा वास त्यांना आला असता तर ते काय म्हणाले असते? मी म्हणालो, गोठा बघायला कुणी सुट्टी काढून येत नाही. ती म्हणाली, वहिनीला नाक आहे, पण तुमच्यासारखं नाही. ती एकटीच उतरली, तिथल्या एका म्हातारीशी बोलत बसली आणि तासाभरानं सुकट घेऊन आली. ती सुकट डिकीत, वर तीन पिशव्या, तरी मला राधानगरीपर्यंत नाकाला रुमाल लावून गाडी चालवावी लागली. त्या दिवशी परतताना वहिनीकडं थांबलोच नाही. ती दारात उभी होती. मी हॉर्न वाजवला, तिनं हात हलवला.

त्या आठवड्यात तिचे दोन फोन आले. पहिल्यांदा म्हणाली थंडी पडायला लागली, गरम कपडे घेऊ का. दुसऱ्यांदा नुसतंच कसं काय म्हणून विचारलं आणि समुद्राचं काही बोलली नाही. मी तिला म्हणालो की एक भारी जागा कळली आहे, तेवढी बघून येतो.

भारी जागा म्हणजे एक रिसॉर्ट. मोठी भिंत, आत हिरवळ आणि हिरवळीच्या टोकाला किनारा. सकाळ-संध्याकाळ दोन माणसं वाळूवर दाताळं ओढत होती. एक शिंपला इकडचा तिकडं नव्हता. खुर्च्या, छत्र्या, पाय धुवायला नळ. मी वास घेतला. कसलाच वास नव्हता. मी मॅनेजरला शंभर प्रश्न विचारले. सांडपाणी कुठं जातं, कचरा कोण नेतो, पिण्याचं पाणी कुठलं. त्यानं मला शेवटी विचारलं की साहेब, आपण कुठल्या खात्यातनं आलात?

तरीही मी तिथं लगेच होय म्हणालो नाही. कुंपणाच्या मागं जाऊन बघितलं. तिथं खाडीच्या चिखलात रिसॉर्टमधल्याच पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोण्या भरून टाकलेल्या होत्या, काही गोण्या फुटलेल्या. म्हणजे घाण होतीच, फक्त भिंतीपलीकडं लोटलेली. या लोकांची मला पातेलं घासणाऱ्यांपेक्षा जास्त शिसारी आली. ते निदान तोंडावर घाण करत होते. पण वहिनी काही भिंतीमागं जाणार नव्हती. चार रविवार गेले होते. मी पुढच्या शनिवारच्या दोन खोल्या सांगून टाकल्या, समुद्राकडं तोंड असलेल्या, आणि परतताना वहिनीला ते सांगितलं. तिनं भावाकडं बघितलं, म्हणाली, शनवारी. मग आत जाऊन बायकोला विचारत होती की समुद्रात कुठली साडी नेसून जायचं असतं.

गुरुवारी सकाळी भावाचा फोन आला. म्हैस व्याली होती, बारा दिवस आधी.

मी लगेच निघालो. का निघालो ते मलाही सांगता येणार नाही. वाटेत मी हिशेब मांडत होतो की चीक एकदा काढला की एक दिवस भाऊ बघेल, एक दिवस शेजारीण बघेल. पोचलो तेव्हा वहिनी गोठ्यात होती. वार अजून पुरती पडली नव्हती. जमिनीवर रक्त, चिखल, शेण, आणि त्या सगळ्यात ओलं रेडकू उभं राहायची धडपड करत होतं. वहिनीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. मी दारातच थांबलो आणि सवयीनं नाकाला हात लावला. तिनं ते बघितलं आणि हसली.

मी माझा सगळा बेत तिला सांगितला. शनिवारी नाही तर पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, आता दुसरी बी दहा-बारा दिवसांत व्याल, आता कुठं जातोय. मी म्हणालो, वहिनी, मला वाटलं होतं तुम्हाला स्वच्छ किनारा दाखवावा. पहिल्यांदाच बघणार तुम्ही.

तिनं गवताच्या बोळ्यानं रेडकाचं अंग पुसणं थांबवलं नाही. खाली बघतच बोलली.

"भावजी, मला किनारा कुठं बघायचा हुता. पाणी बघायचं हुतं. घाण काय, जलमभर उपसतोय की मी. तुमी चार येळा दारावरनं गेलासा. मागच्या शिटावर बसून आलो असतो, आन् रातच्याला माघारी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं. चार वेळा मी त्या दारात चहा प्यालो, मागची सीट चारही वेळा रिकामी होती. एकदा ती हिरवी साडी नेसून गाडीच्या दारापर्यंत आली होती आणि मी तिला देवळाला जाणारी बाई समजलो. चार वर्षं रोज माझा डबा बसस्टॉपवर घेऊन उभी राहणारी ही बाई, आणि मी तिला एक समुद्र दाखवायचा तर त्याची झाकणं उघडून बघत बसलो होतो. घाणीची किळस येते म्हणून मी आयुष्यभर मिरवलं. त्या गोठ्यात मला माझी किळस आली, आणि ती रुमालानं थांबणारी नव्हती.

त्यानंतर दोन्ही म्हशी एकदम कधी आटल्या नाहीत. दुसरी गाभण राहायला उशीर झाला आणि त्यांचं चक्र बिघडलं, आता एक आटते तेव्हा दुसरी दुधात असते. सकाळची धार काढून निघायचं आणि रात्रीच्या धारेला परत यायचं, असं एकदा करू म्हणून मी दोनदा विचारलं. पण आता वहिनीचे गुडघे गेलेत, एका दिवसात एवढं गाडीत बसणं होत नाही म्हणते. खरंच होत नाही की आता मन राहिलं नाही, हे विचारायचं धाडस मला होत नाही.

त्या गुरुवारी मी निघताना तिनं हात धुतले आणि चिकाची किटली माझ्या हातात दिली. बायकोला खरवस कर म्हणावं, म्हणाली. मी गाडीत बसलो. ती काचेजवळ आली, पदरानं हात पुसत जरा वेळ घाटाकडच्या रस्त्याकडं बघत उभी राहिली. मग वाकून मला विचारलं.

"भावजी, एक सांगा. पाणी गार असतंय का गरम?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. चार किनारे मी बघितले होते. एकाही किनाऱ्यावर मी बूट काढले नव्हते.